बस फॅक्टर

सॉफ्टवेअरवाल्यांच्या बोलीत 'बस फॅक्टर' नावाची एक वाईट संज्ञा आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली सापडली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा म्हणजे बस फॅक्टर. आकडा मोठा असेल तर मॅनेजर निवांत झोपतो. एक असेल तर त्या एका माणसाने रजेचा अर्ज टाकला तरी मॅनेजरचं बीपी वाढतं. मीटिंगमध्ये हा शब्द निघाला की सगळे हसतात. मीही हसायचो.

मग एका पावसाळ्यात आमच्या टीममधला एक जण खरोखरच गेला. बस वगैरे काही नव्हती. रात्री घरी जाताना दुचाकी घसरली, एवढंच. बिलिंगचा सगळा भाग त्याच्या डोक्यात होता. आम्ही तीन दिवस सुन्न होतो. चौथ्या दिवशी क्लायंटचा मेल आला आणि पाचव्या दिवसापासून त्याचं काम मी बघायला लागलो. यात कुणाचं काही चुकलं असं नाही. काम थांबून चालणार नव्हतंच. पण त्याचा कोड वाचताना, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर त्याचं नाव बघताना, मला सारखं दुसऱ्याच्या ताटातलं जेवत असल्यासारखं वाटायचं.

त्या दिवसांत मला कपाटात पडलेली एक सीडी आठवली.

त्याच्या दोन वर्षं आधी मी ऑनसाइट म्हणून पाच महिने मेम्फिसला होतो. टेनेसी राज्यातलं, मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे शहर म्हणजे एल्व्हिस प्रेस्लीचं गाव. (तिथे शाकाहारी माणसाचे काय हाल होतात हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) वीकेंडला करायला काही नसायचं, म्हणून एका शनिवारी जुन्या सामानाच्या दुकानात शिरलो आणि दोन डॉलरला ही सीडी घेतली. वर नाव होतं 'ब्लॅकवुड ब्रदर्स क्वार्टेट'. आत दोन फोटो होते. दोन्हींत चार-चार माणसं, सूट सारखेच, केस तसेच चापून बसवलेले, हसणंही तेच. पण नीट बघितलं तर दोन चेहरे वेगळे होते. नाव तेच आणि माणसं बदललेली! तेव्हा मी फार विचार केला नाही. नंतर मात्र त्या दोन फोटोंच्या मध्ये काय घडलं ते शोधत बसलो आणि त्यातून हा लेख झाला.

आधी थोडी ओळखपरेड. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ख्रिस्ती भक्तिगीतांचा एक प्रकार आहे, सदर्न गॉस्पेल. त्यातला अगदी ठेवणीतला बाज म्हणजे क्वार्टेट, म्हणजे चार पुरुष आणि साथीला बहुधा एक पियानो. चौघांच्या जागा ठरलेल्या. सगळ्यात वरचा आवाज टेनर, त्याखाली मूळ चाल गाणारा लीड, त्याखाली बॅरिटोन आणि तळाशी बेस. आपल्याकडे भजनी मंडळात पंधरा जण असले तरी सगळे एकच चाल गातात. बुवांच्या मागून सगळे. त्यात एखादा टाळकरी आला नाही तर आवाज थोडा बारीक होतो, अभंग तोच राहतो. क्वार्टेटमध्ये तसं नाही. तिथे एकाच क्षणी चौघं चार वेगवेगळे स्वर लावतात आणि ते एकमेकांवर बसून जो काही नाद होतो, ते गाणं. त्यातला एक काढला तर गाण्याला भोक पडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर क्वार्टेटचा बस फॅक्टर कायम एक. चौघांपैकी कुणीही एक.

आता गंमत अशी, की हा प्रकार व्यवसाय म्हणून सुरू झाला तो पुस्तकं विकण्यासाठी! लॉरेन्सबर्ग नावाच्या टेनेसीतल्या छोट्या गावात जेम्स व्हॉन नावाचे एक प्रकाशक होते. ते भक्तिगीतांची पुस्तकं छापत. ही पुस्तकं लोकांनी घ्यावीत म्हणून १९१० मध्ये त्यांनी पगारी गायकांची एक चौकडी गावोगाव पाठवायला सुरुवात केली. चौघांनी गाणी म्हणून दाखवायची, लोकांना चाल आवडली की पुस्तक विकत घ्यायचं. थोडक्यात, फुकट डेमो आणि विकतचं प्रॉडक्ट. पुढे व्हॉन यांच्याकडेच काम केलेल्या व्ही. ओ. स्टॅम्प्स यांनी १९२४ मध्ये स्वतःचा धंदा काढला. त्यांना जे. आर. बॅक्स्टर हे भागीदार मिळाले आणि 'स्टॅम्प्स-बॅक्स्टर' ही डॅलसची कंपनी या क्षेत्रातली बडी असामी झाली. तिच्या नावानेही क्वार्टेटं फिरू लागली.

ही पुस्तकं शेतकऱ्यांना, गिरणी कामगारांना वाचता कशी यायची? तर त्यासाठी एक झकास युक्ती होती. पाश्चात्य स्वरलेखनात स्वर कुठला ते रेघेवरच्या जागेवरून ओळखायचं असतं आणि ते शिकायला वेळ लागतो. या पुस्तकांत प्रत्येक स्वराच्या ठिपक्याला वेगळा आकार दिलेला असायचा. 'डो'साठी त्रिकोण, 'ला'साठी चौकोन, असे सात स्वरांचे सात आकार. ही सात आकारांची पद्धत १८४६ पासूनची. आणि यातला 'डो' आपल्या 'सा'सारखा हलता असतो. तो कुठल्याही पट्टीत धरा, बाकीचे सहा त्याच्या हिशेबाने जागेवर येतात. गावात फिरता मास्तर यायचा, दहा-पंधरा दिवस चर्चमध्ये किंवा शाळेच्या खोलीत गाण्याचा वर्ग चालवायचा आणि त्यानंतर ज्यांनी कधी पियानो पाहिलाही नाही अशी माणसं नवं कोरं पुस्तक उघडून चार आवाजांत गायला लागायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता आपली मंडळी. मिसिसिपी राज्यात चॉक्टॉ काउंटी नावाचा जिल्हा आहे. तिथे ॲकरमनजवळ एमेट आणि कॅरी ब्लॅकवुड हे जोडपं राहायचं. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारी माणसं. १९३४ मध्ये, म्हणजे महामंदी ऐन भरात असताना, त्यांच्या तीन मुलांनी क्वार्टेट काढलं. थोरला रॉय, मधला डॉयल आणि धाकटा जेम्स. चौथा आवाज रॉयच्या मुलाचा. त्याचं नाव आर. डब्ल्यू. रॉय आणि जेम्समध्ये एकोणीस वर्षांचं अंतर, त्यामुळे काका जेम्स पंधराचा आणि पुतण्या आर. डब्ल्यू. बाराचा. नात्याने काका-पुतणे, पण वाढले भावांसारखे. जेम्स लीड गायचा आणि पुतण्या बॅरिटोन.

म्हणजे 'ब्लॅकवुड ब्रदर्स' या नावात पहिल्या दिवसापासून चौघांतला एक जण 'ब्रदर' नव्हताच. पाटी आणि माणसं यांचा मेळ तेव्हापासूनच सैल होता.

गावातल्या चर्चमधून ते रेडिओवर गेले. आधी मिसिसिपीत, मग लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला. १९४० मध्ये व्ही. ओ. स्टॅम्प्स यांनी त्यांना थेट उत्तरेला, आयोवा राज्यातल्या शेनंडोआ गावी धाडलं. तिथलं केएमए हे रेडिओ केंद्र अर्ल मे नावाच्या बियाणेवाल्याचं होतं. बियाणं विकायला रेडिओ, रेडिओ ऐकायला लावायला क्वार्टेट आणि क्वार्टेटच्या जोरावर गाण्याची पुस्तकं. साखळी बघा कशी आहे! रेडिओतून मोठे पैसे सुटायचे नाहीत. पण पहाटे-दुपारी आवाज घराघरांत पोचायचा आणि त्याच आवाजात 'अमुक तारखेला तमुक गावी येतोय' हे सांगता यायचं. संध्याकाळी त्या गावात कार्यक्रम आणि रात्रभर गाडी हाकून सकाळी परत माइकसमोर.

मग युद्ध आलं. मंडळी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला जाऊन विमानाच्या कारखान्यात कामाला लागली. आर. डब्ल्यू. सैन्यात गेला. चौकडी फुटते की काय अशी वेळ होती, पण जागा भरत गेल्या आणि युद्धानंतर सगळे परत शेनंडोआला. १९४७ मध्ये बेसच्या जागेवर बिल लाइल्स आला. हा ब्लॅकवुड नव्हता, नात्यागोत्यातलाही नव्हता. १९५० मध्ये त्यांनी बिऱ्हाड मेम्फिसला हलवलं. डब्ल्यूएमपीएस केंद्रावर रोजचा कार्यक्रम मिळाला आणि पाठोपाठ आरसीए व्हिक्टरसारख्या मोठ्या कंपनीशी रेकॉर्डचा करार. १९५२ मध्ये टेनरच्या जागी बिल शॉ आला. रॉय आणि डॉयल तोवर चौकडीतून बाजूला झाले होते. म्हणजे आता टेनर शॉ, लीड जेम्स ब्लॅकवुड, बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड, बेस लाइल्स. 'ब्लॅकवुड ब्रदर्स'मध्ये एकही भावांची जोडी उरली नव्हती! लोकांना त्याचं काही नव्हतं. चार आवाज ठरल्यासारखे लागत होते ना, मग झालं.

हे दिवस या गाण्याच्या भरभराटीचे होते. नॅशव्हिलच्या राइमन सभागृहात वॉली फाउलर यांनी १९४८ मध्ये रात्रभर चालणारा गॉस्पेलचा जलसा भरवला आणि तसे 'ऑल-नाइट सिंग' दक्षिणेत ठिकठिकाणी होऊ लागले. मेम्फिसला ते एलिस ऑडिटोरियममध्ये व्हायचे. ब्लॅकवुड मंडळींनी अटलांटाच्या 'स्टेट्समेन' या दुसऱ्या तगड्या क्वार्टेटशी हातमिळवणी केली. दोन प्रतिस्पर्धी एकाच रंगमंचावर, तिकिटं दुप्पट. मागणी इतकी, की गाडीने पोचणं अशक्य झालं. मग त्यांनी विमान घेतलं. दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट. चालवायचा आर. डब्ल्यू. आणि शेजारी बसून मदत करायचा बिल लाइल्स.

जून १९५४ मध्ये ते न्यूयॉर्कला आर्थर गॉडफ्री यांच्या 'टॅलेंट स्काउट्स' या कार्यक्रमात उतरले आणि जिंकले. आजच्या भाषेत सांगायचं तर नॅशनल टीव्हीवरचा रिॲलिटी शो जिंकले. वाट्याने कापूस पिकवणाऱ्याच्या पोरांचं नाव देशभर झालं.

त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, ३० जून १९५४ ला, ते अलाबामातल्या क्लँटन गावी होते. तिथे पीच फळांचा उत्सव होता. दुपारी गाणं झालं. संध्याकाळी विमानतळावरच कार्यक्रम आणि तो आटोपला की उड्डाण. धावपट्टी छोटी होती. अंधार पडायच्या आत एकदा उडून-उतरून अंदाज घ्यावा म्हणून आर. डब्ल्यू. आणि लाइल्स विमान घेऊन वर गेले. गावातला एक तरुण मुलगाही हौसेने बरोबर गेला. उतरताना काहीतरी बिनसलं, विमान पुन्हा वर खेचलं गेलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळून पेटलं. तिघेही गेले. आर. डब्ल्यू. बत्तीस वर्षांचा होता.

जेम्स खाली उभा होता. तो जळत्या विमानाकडे धावत सुटला. 'स्टेट्समेन'चा लीड गायक जेक हेस तिथेच होता, त्याने जेम्सला कवळा घालून अडवून धरलं म्हणून तो वाचला.

२ जुलैला मेम्फिसच्या एलिस ऑडिटोरियममध्ये अंत्यविधी झाला. जिथे रात्र-रात्र गाणी झाली होती तिथेच. हजारो माणसं आली होती. टेनेसीचे गव्हर्नर फ्रँक क्लेमंट बोलले. त्या गर्दीत ट्रक चालवणारा एकोणीस वर्षांचा एक मुलगाही होता, एल्व्हिस प्रेस्ली. तो ब्लॅकवुड मंडळींच्याच चर्चमध्ये जायचा आणि त्याच्या आईचं हे सगळ्यात आवडतं क्वार्टेट. त्याला खरं तर क्वार्टेटमध्येच गायचं होतं. आर. डब्ल्यू.चा धाकटा भाऊ सेसिल आणि त्याचे दोस्त 'साँगफेलोज' नावाचं पोरांचं क्वार्टेट चालवायचे. तिथे एल्व्हिसने गाऊन दाखवलं होतं आणि त्याला घेतलं नव्हतं. पोरगा एकटा छान गातो, पण दुसऱ्यांबरोबर आपल्या जागेवर टिकत नाही, असं कारण सांगतात. अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी, ५ जुलैला, त्याच मेम्फिसमधल्या सन स्टुडिओत त्याने आपली पहिली व्यावसायिक रेकॉर्ड गायली. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

आपण मात्र एल्व्हिसच्या मागे न जाता जेम्सपाशी थांबू. पंधराव्या वर्षापासून वीस वर्षं ज्याच्या आवाजाशी आपला आवाज जुळवला, तो आवाज गेला. आपण पुन्हा गाणार नाही, असं जेम्सने ठरवलं होतं. हे समजण्यासारखं आहे. एकटा गाणारा माणूस दुःखातही गाऊ शकतो, कधीकधी जास्त चांगलं गातो. पण हार्मनीत गाणाऱ्याला प्रत्येक ओळीत शेजारचा स्वर ऐकूनच आपला लावायचा असतो. गाणं म्हणजेच शेजारी कोण आहे ते ऐकणं. आणि तिथे कोणीच नाही.

पण काही आठवड्यांतच 'ब्लॅकवुड ब्रदर्स' पुन्हा उभे राहिले. आपल्याला आवडो न आवडो, कार्यक्रम ठरलेले होते, करार होते, घरं चालायची होती. शिवाय आजूबाजूच्यांनी, विशेषतः 'स्टेट्समेन'वाल्यांनी, जेम्सला एकटं सोडलं नाही. बेसच्या जागेवर 'सनशाइन बॉइज'मधून जे. डी. सम्नर आला. सहा फुटांहून उंच, फ्लोरिडाचा, आणि आवाज असा खोल की पुढे सर्वांत खालचा स्वर लावणारा माणूस म्हणून त्याचं नाव गिनेस बुकात झळकत राहिलं. आणि बॅरिटोनच्या जागेवर आला सेसिल. एकोणीस वर्षांचा. मेलेल्या भावाच्या जागी सख्खा भाऊ.

माझ्या सीडीवरचे दोन फोटो हे. एक जून १९५४ च्या आधीचा, एक नंतरचा.

मला सेसिलचा विचार सोडवत नाही. रोज संध्याकाळी भावाच्या जागेवर उभं राहायचं, त्याचेच स्वर लावायचे, समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक त्याला ऐकताना दुसऱ्याच कुणाला तरी आठवतायत हे माहीत असताना. मी पाच-सहा महिने एका मित्राचा कोड सांभाळला तर माझी ही गत. सेसिलने ते शेवटपर्यंत, म्हणजे सेहेचाळीस वर्षं केलं. १३ नोव्हेंबर २००० ला तो वारला तेव्हा चौकडीची धुरा त्याच्याच हातात होती.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. बस फॅक्टर एक असलेली ही गोष्ट दोन माणसं एकाच क्षणी गेल्यावरही टिकली कशी? नुसती जिद्द म्हणून हे उत्तर मला पटत नाही. जिद्द पुष्कळांकडे असते. मला वाटतं, त्यांचं गाणं चौघांच्या डोक्यात बंद नव्हतं. व्हॉन आणि स्टॅम्प्स-बॅक्स्टरच्या पुस्तकांनी, त्या त्रिकोण-चौकोनांनी, गाण्याच्या फिरत्या वर्गांनी पन्नास वर्षांत अख्ख्या दक्षिणेला ही भाषा शिकवून ठेवली होती. प्रत्येक आवाजाची जागा लिहून ठेवलेली होती. सम्नर दुसऱ्या क्वार्टेटमधून आला, पण बेसने कुठे उभं राहायचं हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. सेसिल घरातच ऐकत मोठा झाला होता आणि पोरांच्या क्वार्टेटमध्ये घासून तयार होता. आम्ही ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतो आणि कधीच वेळेवर लिहीत नाही, ते या लोकांनी पुस्तकं खपवण्याच्या नादात का होईना, करून ठेवलं होतं.

पण हेही खरं, की जागा लिहिता येते, माणूस लिहिता येत नाही. जुन्या आणि नव्या चौकडीची गाणी लागोपाठ ऐकली तर मलासुद्धा फरक कळतो, आणि माझा कान काही तयार नाही. लाइल्सचा बेस गुळगुळीत, गाण्याच्या आत राहणारा. सम्नरचा बेस म्हणजे तळघरातून आलेला, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणूनच आलेला. नव्या माणसांनी जुन्यांची नक्कल केली नाही. चौकडी टिकली, पण तीच राहिली नाही. आणि कदाचित म्हणूनच टिकली.

सम्नरच्या डोक्यातून आणखी एक गोष्ट निघाली. विमान नको झालेलं आणि मोटारीत पाच माणसं कोंबून रोज शेकडो मैल जाणं अवघड. मग त्यांनी बस घेतली आणि ती आतून बदलून घेतली, झोपायला-बसायला जागा असलेली. पुढे सगळी गॉस्पेल क्वार्टेटं बसने फिरू लागली. बस फॅक्टरच्या गोष्टीत शेवटी बसनेच तारलं, हा विनोद मी मुद्दाम केलेला नाही, तो इतिहासानेच केलाय.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर लेख खोटा ठरेल. या चार जागा कुणालाही मिळणाऱ्या नव्हत्या. त्या गोऱ्या पुरुषांच्या होत्या. मेम्फिसमध्ये तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, चर्च वेगळी, सभागृहात बसायच्या जागाही वेगळ्या. कृष्णवर्णीयांची गॉस्पेल परंपरा समांतर आणि फार श्रीमंत होती. 'गोल्डन गेट क्वार्टेट'सारख्यांच्या रेकॉर्डी गोरी क्वार्टेटं कान देऊन ऐकत आणि त्यांची गाणी उचलत. शिकागोच्या थॉमस डॉर्सी यांची पत्नी आणि नवजात बाळ १९३२ मध्ये दगावलं, त्या दुःखात त्यांनी लिहिलेलं 'प्रेशस लॉर्ड' गोऱ्यांच्या चर्चमध्येही पोचलं. एल्व्हिसनेही ते १९५७ मध्ये गायलं. गाणं भिंतीपलीकडे जायचं, गाणाऱ्याला मात्र जाता यायचं नाही. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तो याच मेम्फिसमध्ये. त्या संध्याकाळी गोळी लागण्याच्या काही क्षण आधी त्यांनी एका वादकाला रात्रीच्या सभेत हेच गाणं वाजवायला सांगितलं होतं. ब्लॅकवुड मंडळींचा एलिस ऑडिटोरियममधला सुवर्णकाळ मनात आणताना हेही त्याच शहराचं चित्र आहे, हे विसरता येत नाही.

पुढची हकिगत थोडक्यात. १९५७ मध्ये ब्लॅकवुड मंडळी आणि सम्नर यांच्या पुढाकाराने मेम्फिसला पहिलं 'नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन' भरलं. तो मेळा पुढे नॅशव्हिल, लुइव्हिल असा गावं बदलत कित्येक दशकं दरवर्षी भरत राहिला. ऑगस्ट १९५८ मध्ये एल्व्हिसची आई ग्लॅडिस वारली तेव्हा तिच्या अंत्यविधीला ब्लॅकवुड ब्रदर्स गायले. साठीच्या दशकात त्यांनी 'स्टॅम्प्स क्वार्टेट म्युझिक कंपनी' विकत घेतली. ही कंपनी व्ही. ओ. स्टॅम्प्स यांचे भाऊ फ्रँक यांनी वेगळी काढलेली. ज्या स्टॅम्प्स नावाने १९४० मध्ये त्यांना शेनंडोआला धाडलं होतं, ते नावच आता त्यांच्या मालकीचं. त्या कंपनीच्या 'स्टॅम्प्स क्वार्टेट'ची जबाबदारी घ्यायला सम्नर १९६५ मध्ये ब्लॅकवुड सोडून गेला. आणि १९७१ पासून हेच स्टॅम्प्स एल्व्हिसच्या मागे साथीला उभे राहू लागले. ज्या पोराला क्वार्टेटमध्ये जागा मिळाली नव्हती, त्याने अख्खं क्वार्टेट आपल्या मागे उभं केलं! ऑगस्ट १९७७ मध्ये एल्व्हिसच्या अंत्यविधीत जेम्स ब्लॅकवुड गायला.

जेम्स ३ फेब्रुवारी २००२ ला गेला, मेम्फिसलाच. बयाऐंशी वर्षांचा होता. सेसिलनंतर चौकडी थांबली होती. ती जेम्सच्या मुलांनी, जिमी आणि बिली यांनी, पुन्हा उभी केली. गंमत म्हणजे कित्येक वर्षांनी 'ब्लॅकवुड ब्रदर्स'मध्ये खरोखरचे दोन ब्रदर्स आले.

आमच्या प्रोजेक्टचं म्हणाल तर तो अजून चालू आहे. मी त्या बिलिंगच्या कोडमध्ये नंतर खूप बदल केले. काही ठिकाणी त्याची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती, तिथे हात लावला नाही. काही ठिकाणी मला माझ्या पद्धतीने करावं लागलं आणि सुरुवातीला वाटणारा तो अपराधीपणा हळूहळू गेला. फाइलच्या माथ्यावरचं त्याचं नाव मी तसंच ठेवलंय. त्याखाली माझं आहे. मागच्या वर्षी एक नवी मुलगी टीममध्ये आली, आता तिचंही आहे. तिने एकदा विचारलं, "हे सगळ्यात वरचं नाव कुणाचं? मी यांना कधी भेटले नाही."

मग तिला चहाला नेलं आणि त्याच्याबद्दल सांगितलं. कोड कसा चालतो ते दुसऱ्या दिवशी सांगितलं.